वरून तिसरं पान

देडतलाई,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. वैजयंती,

तुझ्या बहिऱ्या मामाचे आशीर्वाद घे. तुझी आई सांगते की तू मला तीनदा फोन केलास. करू नकोस बाई. कागद-मिलच्या मशीनने माझे कान कधीच खाल्ले, आता फोन कानाला लावला की मला त्यात तेच मशीन ऐकू येतं. आणि मोबाईलवर बोटाने लिहायला जावं तर एक अक्षर दाबल्यावर दोन उमटतात. आमच्या क्वार्टरमध्ये राहून तू शाळा शिकलीस तेव्हा तुझं अक्षर मी घोटून घेतलं होतं. ते वाया कशाला घालवायचं? पत्र लिही. आपला कौतिक केळीची गाडी घेऊन जळगावकडे येतच असतो, तो आणेल आणि नेईल.

बातमी अशी की आमचा जीवन सुनेला, रंजिताला, घेऊन घरी आलाय. पुण्याच्या कंपनीने त्याची जागा जुलैपर्यंत धरून ठेवलीय. मला म्हणाला, दादा, एक बाग मी माझ्या पद्धतीने करतो. जमली तर इथेच राहीन, नाही जमली तर जुलैत परत जाईन. जूनमध्येच येऊन त्याने रोपं लावली, साडेतीन हजार झाडं आहेत. तुझी मामी तेव्हापासून लहान पोरीसारखी घरभर फिरते. मलाही आनंद झालाय, पण मी दाखवत नाही.

भांडण एवढंच की मी केळीचं पान डोळ्याने बघून खत सांगतो आणि तो म्हणतो, दादा, पानावर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, आधी पान तपासून घ्यायचं. माती तपासतात हे मी ऐकलं होतं. पान कसं तपासतात? त्याचं रक्त काढता का तुम्ही लोक? तू तिथल्या लॅबमध्ये त्याच कामात आहेस म्हणून विचारतो. नीट समजावून लिही, म्हणजे पोरासमोर माझं हसं होणार नाही.

तुझा,
रामदासमामा


जळगाव,
१ डिसेंबर २०२४

ती. मामा,

इथूनच तुमच्या आणि मामींच्या पाया पडते.

रक्त काढत नाही, पण जवळपास तसंच. माती तपासणं म्हणजे घरातल्या डब्यात किती धान्य आहे ते बघणं. पान तपासणं म्हणजे त्यातलं पोराच्या पोटात किती गेलं ते बघणं. डबा भरलेला असून पोर उपाशी असू शकतं. जीवन बरोबर सांगतोय, तुम्ही त्याच्याशी भांडू नका.

आता पद्धत. वरून मोजत यायचं, पूर्ण उलगडलेलं तिसरं पान घ्यायचं. अख्खं पान नको. त्याच्या मधोमध, शिरेच्या दोन्ही बाजूंनी तळहाताएवढी पट्टी कापायची. बागेत नागमोडी चालायचं आणि वीस झाडांची अशी पट्टी घ्यायची. चालताना जे झाड समोर येईल ते. मामा, यात निवड करायची नाही. बागेचा एखादा तुकडा वेगळा दिसत असेल तर त्याची पुडी वेगळी बांधायची. पानं पाण्याने पुसून सावलीत सुकवा आणि कागदी पिशवीत पाठवा, प्लास्टिकमध्ये ती कुजतात. सोबत फॉर्म जोडते. त्यात शेवटी लक्षणांचा रकाना आहे, झाडावर जे दिसेल ते त्यात लिहायचं.

नमुना आला की मी स्वतः तपासते. मी अजून इथे कायम नाही, पण लॅबच्या प्रमुखांनी, धर्मेंद्र सरांनी, केळीचं काम माझ्यावर सोपवलंय. जीवन तिथे राहिला तर मलाही माहेरी यायला एक हक्काचं घर राहील, हे त्याला सांगा.

तुमची,
वैजयंती


देडतलाई,
९ डिसेंबर २०२४

चि. वैजयंती,

कौतिकच्या हाती पेटी देतोय. जीवन परवा दोन तास बागेत साप चालावा तसा फिरला. मी बांधावर बसून बघत होतो. त्याने आणलेली पुडी मी उघडून बघितली तर काही पट्ट्यांच्या कडा पिवळ्या, दोन फाटलेल्या, सगळं कसंतरी कोंबलेलं. तरुण पोरांना बांधणी शिकवावी लागते. मी सगळं नीट करून मिलच्या जाड ब्राऊन कागदात बांधलंय. फॉर्मही त्याच्या गिचमिड अक्षरात होता, तो मी स्वच्छ उतरून काढला. गाडी निघायच्या घाईत एखादा रकाना राहिला असेल तर तू भर.

मशीनवरून काढल्यावर शेवटची दहा वर्षं मी नमुना-वहीच्या टेबलावर होतो, तुला आठवत असेल. गिऱ्हाईकाला दाखवायच्या वहीत ठिपका असलेला एक कागद माझ्या हातून कधी गेला नाही. तेव्हा तुझ्या साहेबांसमोर मामाघरची पेटी उघडताना तुला मान खाली घालावी लागणार नाही, एवढी खात्री बाळग.

तुझा,
रामदासमामा


जळगाव,
२१ डिसेंबर २०२४

ती. मामा,

पेढे काढून ठेवा. रिपोर्ट सोबत आहे. नत्र भरपूर, स्फुरद भरपूर, आणि पालाश, म्हणजे तुमचं पोटॅश, चार पॉइंट सहा टक्के. आमच्या तक्त्यात साडेतीनला झाड सुखी समजतात. धर्मेंद्र सर म्हणाले, एवढे सगळे आकडे एकदम चांगले? ते पुन्हा नमुना मागव म्हणत होते. मी सांगितलं, सर, माझ्या मामांचा हात तसाच आहे, तिथे चूक व्हायची नाही.

फॉर्म तुमच्या अक्षरात बघून फार बरं वाटलं. लक्षणांचा रकाना कोरा होता, तिथे मीच "नाहीत" लिहिलं. पानं बघूनच कळत होतं.

जीवनला सांगा, ठिबकमधून पोटॅश सोडायचं सध्या बंद. पोटात जास्त झालं तरी झाडाचं बिघडतं. निसवण संपेपर्यंत, सगळे घड बाहेर पडेपर्यंत, गरज नाही.

तुमची,
वैजयंती


देडतलाई,
१९ जानेवारी २०२५

चि. वैजयंती,

तुझा रिपोर्ट जीवनने प्लास्टिकमध्ये घालून ठिबकच्या खोलीत टांगलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. रंजिता इथल्या शाळेत शिकवायला जायचं म्हणतेय. म्हणजे त्यांचं मन इथे बसत चाललंय. यमुना, तुझी मामी, आता त्यांच्यासाठी मागची खोली वेगळी करायचं बोलते.

एक-दोन गोष्टी सहज विचारतो. खालच्या पानांच्या कडा पिवळ्या होऊन वाळायला लागल्यात, विशेषतः वरच्या हलक्या जमिनीत. हे थंडीने असेल ना? मी मागच्या आठवड्यात दुकानातून पोटॅशचं एक पोतं आणलं होतं. जीवनने हात जोडून ते परत पाठवायला लावलं. म्हणाला, दादा, कागदात काय लिहिलंय ते बघा ना.

दुसरं. समज कोणी वीस पट्ट्या बागेच्या एकाच कोपऱ्यातून घेतल्या तर तुमच्या आकड्यांत फार फरक पडतो का? थोडासाच पडत असेल. असंच विचारलं, ज्ञानात भर.

तुझा,
रामदासमामा


जळगाव,
२७ जानेवारी २०२५

ती. मामा,

घाईत लिहितेय, कौतिकभाऊ खाली हॉर्न वाजवतोय. यंदा थंडी कडक आहे, सगळीकडून कडा वाळल्याच्या तक्रारी येताहेत. थंडीच असणार. तुमच्या पानात पालाश भरलेलं आहे हे मी माझ्या हाताने मोजलंय, तेव्हा डोळ्याचं ऐकू नका, कागदाचं ऐका. आणि जीवनच्या नकळत मुठीने खत टाकायची तुमची जुनी सवय मला ठाऊक आहे. तसलं काही करू नका, त्याचा सगळा प्रयोग बिघडेल.

एका कोपऱ्यातून कोण घेईल मामा? तसं केलं तर तो बागेचा रिपोर्ट होणार नाही, त्या कोपऱ्याचाच होईल. पण शिकल्यासवरल्या घरात असं कोणी करत नाही.

मागची खोली कोणत्या रंगाची करताय ते कळवा.

तुमची,
वैजयंती


देडतलाई,
५ एप्रिल २०२५

वैजयंतीताई,

दादांना या पत्राचं माहीत नाही. मेसेज टाकला असता, पण तो बघून न बघितल्यासारखा करता येतो, म्हणून कागदावर लिहितोय.

झाडं निसवली. घड बाहेर पडले, पण नऊ-दहा फण्या हव्या तिथे पाच आहेत, आणि एकेक केळं माझ्या अंगठ्याहून थोडं मोठं. खालची पानं कडेने जळून मधोमध मोडताहेत आणि खोडाला लोंबकळताहेत. बऱ्हाणपूरहून एक सल्लागार आणले. ते बांधावरूनच म्हणाले, पोटॅशची उपासमार आहे, तीन महिन्यांपासूनची. मी त्यांना तुमचा रिपोर्ट दाखवला. ते म्हणाले, "भैया, ये किसी और के बाग का है."

सीधी बात विचारतो ताई. नमुन्यांची अदलाबदल झाली का? मी स्वतः वीस झाडं फिरून पानं काढली होती. कडा पिवळ्या आहेत हे मी फॉर्ममध्ये साफ लिहिलं होतं. तरी तुम्ही "लक्षणे नाहीत" छापून पाठवलं. लॅबला मी तक्रारीचा मेल केलाय. तू ताई आहेस म्हणून तुलाही सांगतोय.

दादा जानेवारीत पोटॅशचं पोतं घेऊन आले होते. मी त्यांना परत पाठवलं. तेव्हापासून ते बागेकडे फिरकत नाहीत. हे मला आतून खातंय.

जीवन


जळगाव,
१७ एप्रिल २०२५

ती. मामा,

जीवनची तक्रार आली आणि आमच्याकडे चौकशी बसली. तपासलेल्या पानांची उरलेली भुकटी आम्ही बाटलीत जपून ठेवतो. धर्मेंद्र सरांनी ती बाटली काढून माझ्यासमोर स्वतः पुन्हा तपासली. पुन्हा चार पॉइंट सहा. म्हणजे यंत्र चुकलं नाही आणि बाटलीही बदलली नाही. चूक माझी एवढीच ठरली की कोऱ्या रकान्यात मी माझ्या मनाने "नाहीत" लिहिलं आणि सर शंका घेत असताना नमुना परत मागवू दिला नाही. ती चूक आहेच. मला तपासणीवरून काढून खिडकीवर बसवलंय. लोकांच्या पेट्या घ्यायच्या आणि वहीत नोंद करायची. जूनपर्यंतचं काम आहे, पुढचं सर बोलत नाहीत.

जीवन म्हणतो त्याने लक्षणं लिहिली होती. माझ्याकडे आलेला फॉर्म तुमच्या अक्षरात आहे आणि तो रकाना कोरा आहे.

मामा, मी तुमच्या घरात वाढले आहे. आडून विचारत नाही. ती पानं कुठल्या झाडांची होती?

वैजयंती


देडतलाई,
३० एप्रिल २०२५

चि. वैजयंती,

चार वेळा कागद फाडला. आता जसं झालं तसं लिहितो.

आमच्या घरामागे मोरीचं पाणी जिथे बागेत उतरतं तिथे चौदा झाडं आहेत. भांड्यांचं खरकटं, राख, गोठा धुतलेलं पाणी, सगळं त्यांना मिळतं. पानं अशी की बघत राहावं. जीवनची पुडी मी उघडली, ती पिवळ्या कडांची पानं बघितली आणि मला लाज वाटली. आपल्या घरचा नमुना भाचीच्या साहेबांसमोर जाणार आणि तो असा? मी ती पानं गुरांना घातली. मोरीकाठच्या झाडांची सुरेख पानं कापली, प्रत्येकाचं वरून तिसरंच, तू सांगितलं तसंच, पुसून, सुकवून, कडा जुळवून बांधली. वीस भरेनात म्हणून सहा झाडांची दोनदा घेतली. फॉर्म उतरताना जीवनने लिहिलेली पिवळ्या कडांची ओळ तेवढी गाळली. नमुना घेणाऱ्याच्या जागी जीवनचं नाव होतं, ते तसंच उतरलं.

दहा वर्षं मी हेच केलं, वैजयंती. ढिगातला सगळ्यात स्वच्छ कागद काढायचा आणि वहीत लावायचा. नमुना याचा दुसरा काही अर्थ असतो हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. तू लिहिलं होतंस, निवड करायची नाही. मी ते वाचलं आणि मला वाटलं, हे परक्यांसाठी असेल.

रिपोर्ट आला तेव्हाच मला आत कुठेतरी टोचलं. पण जीवन इतका खूश होता. रंजिता हसत होती. जानेवारीत मी तुला विचारायचा प्रयत्न केला, तू बघितलंस कसा. नंतर रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. पोराने लावलेला तो कागद बघितला की तोंड उघडायचं नाही. मी बागेत जाणं सोडलं कारण प्रत्येक पान मला नाव घेऊन हाक मारत होतं.

तुझं काम माझ्यामुळे गेलं. पोराची बाग माझ्यामुळे गेली. मला आता काही सुचत नाही. त्याला सांगितलं तर तो जाईल आणि पुन्हा या घराचं तोंड बघणार नाही. नाही सांगितलं तरी तो जाईलच. मी काय करू ते तूच सांग.

तुझा,
रामदासमामा


जळगाव,
९ मे २०२५

ती. मामा,

तुमचं पत्र वाचलं. राग आला. तुमच्यावर आला, मग माझ्यावर. जानेवारीतलं तुमचं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. त्यात सगळं होतं. कडा पिवळ्या, एक कोपरा, परत पाठवलेलं पोतं. पहिल्या वर्षाच्या पोरीनेही ओळखलं असतं. मी मामांचं पत्र म्हणून वाचलं, तक्रार म्हणून वाचलंच नाही. परक्या माणसाचं असतं तर त्याच दिवशी नमुना परत मागवला असता, आणि जानेवारीत पोटॅश दिलं असतं तर बाग वाचली असती. तेव्हा पाप तुमचं एकट्याचं नाही.

आता खत देऊन घड भरणार नाहीत. घडांवर पोटॅशची फवारणी करा, जीवनला सल्लागाराने सांगितलीच असेल. फार काही होणार नाही, तरी करा.

तुमचं पत्र मी सरांना दाखवलेलं नाही. दाखवलं तर माझं काम कदाचित राहील, पण तक्रारीचं उत्तर म्हणून ते सगळं जीवनकडे जाईल. त्याला ते लॅबच्या कागदातून कळू नये, बापाच्या तोंडून कळावं. तो निघायच्या आत सांगा मामा. मी तोवर थांबते.

वैजयंती


देडतलाई,
६ जुलै २०२५

चि. वैजयंती,

कापणी झाली. बावीस किलोच्या राशीची बाग म्हणून धरली होती, म्हणजे एकेका घडाचं सरासरी वजन तेवढं यावं. अकरा आलं. व्यापाऱ्याच्या माणसांनी निम्मे घड कापून बांधावरच टाकले, गाडीत चढवलेच नाहीत. गावची गुरं दोन दिवस ते खात होती. मोरीकाठची चौदा झाडं तेवढी सव्वीसची निघाली. जीवन त्यांच्यासमोर जरा वेळ उभा राहिला आणि पुढे गेला.

परवा ते दोघं गेले. मी सांगणार होतो. देवासमोर हात जोडून यमुनाच्या नकळत ठरवलं होतं की स्टँडवर सांगायचं. बस लागली. रंजिता आत जाऊन बसली. जीवन माझ्या पाया पडला आणि उठून माझ्यासमोर तोंड आणून, मला ओठ वाचता यावेत म्हणून हळूहळू बोलला.

"दादा, तुमचंच खरं निघालं. तुम्ही पान बघून ओळखलं होतं. मी कागदावर भरोसा केला. मला माफ करून टाका."

वैजयंती, माझ्या पोराने माझी माफी मागितली. आणि मी काय केलं, तर त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याला वाटलं असेल, दादांनी माफ केलं. बस गेली तेव्हा माझा हात तसाच वर होता.

त्याच्या माफीचं ओझं मला पेलत नाही. म्हणून हे करतो. तुझ्या साहेबांच्या नावाने वेगळा कागद लिहून सही केली आहे. त्यात सगळं आहे. तू तो दे, मला विचारत बसू नकोस. उत्तर जीवनकडे जाऊ दे. जे माझ्या तोंडून झालं नाही ते कागदाने होऊ दे.

सोबत पेटीही आहे. कापलेल्या झाडांच्या बुडाशी फुटलेली पील बागेत उभी आहेत, त्यांची पानं. नागमोडी फिरलो, जे झाड समोर आलं ते घेतलं, वीस झाडं, वरून तिसरं पान. मोरीकाठी गेलो नाही. कडा पिवळ्या आहेत, एक फाटलेलं आहे, ते तसंच ठेवलंय. फॉर्मवर सगळे रकाने भरलेत. नमुना घेणाऱ्याच्या जागी या खेपेला माझं नाव आहे. आता याचा काही उपयोग नाही, बाग ठेवायला घरात कोणी नाही. तरी तपासून घे.

तुझा,
रामदासमामा


जळगाव,
२४ जुलै २०२५

ती. मामा,

तुमचा कागद सरांना दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. जीवनला रजिस्टर पोस्टाने उत्तर गेलं, त्याची सही होऊन पोच परत आली. तारीख अठरा.

मला तपासणीवर परत घेतलेलं नाही. मुदत संपली होती, जागेवर दुसरी मुलगी आली. ती चांगली आहे, तिनेच तुमच्या पेटीतली पानं तपासली. पालाश एक पॉइंट नऊ. साडेतीन हवं होतं. रिपोर्ट सोबत आहे, मामा. हा खरा आहे.

महिनाअखेरीस मी आईकडे जातेय. पुढचं पत्र तिकडे लिहा.

वैजयंती


देडतलाई,
१७ ऑगस्ट २०२५

चि. वैजयंती,

रिपोर्ट मिळाला. ठिबकच्या खोलीत जुना होता तिथे लावलाय. बघायला कोणी येत नाही.

तुला ठाऊक आहे, जीवन दर रविवारी आईला फोन करतो. मला ऐकू येत नाही, पण मी शेजारी बसतो आणि तिच्या चेहऱ्यावरून ओळखतो की पोरगा बरा आहे. वीस जुलैला फोन आला. तो लांबलचक काही बोलला नसावा, कारण यमुनाचा चेहरा लगेच बदलला. ती माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाली, "अहो, तो विचारून राह्यला, मोरीजवळच्या झाडांचीच पानं होती का?"

तिला तोवर काहीच माहीत नव्हतं. मी मान हलवली. ती फोनमध्ये "हो" म्हणाली. तेवढंच. फोन तिने मांडीवर ठेवला.

त्यानंतर तीन रविवार फोनशिवाय गेले. यमुना माझ्याशी कामापुरतं बोलते. मोरीचं पाणी तिने फावडं घेऊन स्वतः दुसरीकडे वळवलं. मी अडवलं नाही. आज रविवार आहे. ती फोन समोर ठेवून भाजी निवडत बसली आहे आणि मी तिच्या शेजारी बसून हे लिहितोय.

तू रागावून का होईना पत्र लिहितेस, ते मला वाचता येतं. जीवन पत्र लिहिणाऱ्यातला नाही. तो फोन करणाऱ्यातला आहे. उद्या त्याने केलाच आणि मला शिव्या द्यायच्या म्हणाला, तरी त्या मला ऐकू यायच्या नाहीत.

तुझा,
रामदासमामा